पिकअप सकाळी का उठत नाही आणि घाटात का दमते?



थंडी सुरू झाली की आपल्या बैठकांमध्ये एक विषय हमखास निघतो. ज्या गटांनी कर्ज काढून पिकअप घेतलीय, त्यातली एक ताई म्हणते, "गाडी सकाळी चालूच होत नाही." दुसरी म्हणते, "आमची चालू होते, पण माल भरला की घाट चढत नाही." मग कुणी सांगतं पंपाचं काम निघालंय, कुणी सांगतं नोझल गेले, कुणी तर थेट इंजिन उतरवायला सांगतं. खर्च गटाचा, हप्ता गटाचा, पण निर्णय मात्र दुसऱ्याच्या तोंडून येतो.

गाडीचे कागद आपल्या नावावर असतात, तरी बॉनेट उघडलं की आपण दोन पावलं मागे सरकतो. २०१७ साली सरकारने आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली, तेव्हापासून गटातल्या बायांनी गावाची प्रवासी गाडी चालवावी हे सरकारी कागदावर आलं. मालाच्या गाड्याही आता गट घेतायत. गाडी घेता आली, तर तिचं दुखणं ओळखताही आलं पाहिजे. आपल्याला मिस्त्री व्हायचं नाहीये. गाडी काय सांगते ते नीट बघायचं, वहीत लिहायचं, आणि स्वस्त तपासणी आधी, महाग काम नंतर, हा क्रम सोडायचा नाही. या लेखात एवढंच सांगायचंय.

डिझेल पेटतं कसं?

मोटारसायकलच्या इंजिनात प्लग ठिणगी टाकतो आणि पेट्रोल पेटतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचा खालचा भाग गरम होतो, हे आपण हाताने अनुभवलंय. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिन हवेला साधारण १६ ते २२ पट दाबतं. ती हवा ५०० अंशांच्या वर तापते आणि तिच्यात नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सुटला की तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९० च्या दशकात हे इंजिन बनवलं, त्याचंच नाव इंजिनाला आणि तेलालाही मिळालं.

आपल्या चुलीसारखंच आहे हे. लाकूड पाहिजे, हवा पाहिजे, आणि सुरुवातीला ऊब पाहिजे. इंजिनाला डिझेल, हवा आणि उष्णता पाहिजे. गाडी उठत नसेल किंवा दमत असेल, तर बहुतेक वेळा या तिघांपैकी काहीतरी कमी पडतंय. कुठलं कमी पडतंय ते शोधायचं.

थंडी तीन बाजूंनी त्रास देते. बॅटरीची ताकद कमी होते. इंजिन ऑइल घट्ट होतं, म्हणून इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. आणि गार लोखंड दाबलेल्या हवेची ऊब ओढून घेतं. नंदुरबार, शहादा, तळोदा या सपाटीच्या भागात गाडी जेमतेम उठत असेल, तर तीच गाडी सातपुड्यात वर मुक्कामाला राहिली की उठत नाही. अक्कलकुव्यातल्या डाबला काही हिवाळ्यांत दवबिंदू गोठतात, तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे. म्हणजे थंडीने गाडी बिघडवली असं नसतं. आधीपासून जी कमजोरी होती, ती थंडीने दाखवून दिली.

आधी कान द्या: सेल्फ कसा फिरतो?

चावी फिरवल्यावर येणारा आवाज ही पहिली तपासणी, आणि तिला एक रुपया लागत नाही.

सेल्फ "घर्रर्र... घर्र..." असा जड, मंद फिरत असेल, किंवा नुसता "टक्" आवाज येऊन दिवे मंद होत असतील, तर डिझेलकडे बघायची गरजच नाही. इंजिन पुरेशा वेगाने फिरलं नाही तर हवा तापणारच नाही. इथे संशयित चार: बॅटरी, तिचे टर्मिनल, अर्थिंगची वायर आणि सेल्फ.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते का? वायर हाताने हलते का? इंजिन बंद करून आधी अर्थिंगची, म्हणजे वजा खुणेची वायर काढा, गरम पाणी आणि खायच्या सोड्याने टर्मिनल घासा, पुसून कोरडं करा, घट्ट बसवा. बॉडी आणि इंजिनाला जोडणारी अर्थिंगची जाड पट्टीही बघा. चिखलाच्या रस्त्याने ती गंजते आणि बॅटरी नवी असूनही सेल्फला करंट पोचत नाही.

ग्रामसंघाने एक साधा मल्टिमीटर घेऊन ठेवला तर सगळ्या गटांच्या कामी येईल. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली पडत असेल तर बॅटरी थकलीय किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर बॅटरी चार्ज होत नाहीये. मग नवी बॅटरी टाकली तरी तीही आठ-पंधरा दिवसांत बसेल. काम अल्टरनेटरचं किंवा त्याच्या पट्ट्याचं निघेल.

सेल्फ जोरात फिरतो, तरी पेटत नाही

आता मागे जाऊन सायलेन्सर बघा. सेल्फ मारताना धूर येतो का?

पांढरा धूर येतो, डिझेलचा वास येतो. म्हणजे डिझेल आत पोचतंय, पण पेटत नाहीये. ऊब कमी पडतेय. इथे पहिला संशय हिटर प्लगवर. चावी ऑन केली की डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखी पिवळी खूण लागते, ती याच प्लगची. प्रत्येक सिलेंडरला एक छोटा प्लग असतो, तो आतली जागा तापवतो. ही खूण विझेपर्यंत थांबायचं आणि मगच सेल्फ मारायचा. घाईत चावी एकदम फिरवणारे ड्रायव्हर "गाडी उठत नाही" म्हणतात, त्यातल्या काही गाड्यांना औषध म्हणजे फक्त हे पाच-दहा सेकंद.

चारातला एखादा प्लग जळाला तर गाडी उठते, पण मिनिटभर थडथड करते, पांढरा धूर सोडते आणि गरम झाली की शहाण्यासारखी चालते. दोन-तीन जळाले तर उठतच नाही. मिस्त्री वायर काढून मीटरने प्रत्येक प्लग तपासतो. चांगला प्लग अगदी कमी ओहम दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. सगळे प्लग चांगले असले तर त्यांचा फ्यूज आणि रिले बघायचा. नव्या गाड्यांच्या काही प्लगना १२ व्होल्ट थेट दिले तर ते जळतात, म्हणून बॅटरीला लावून बघायचा प्रयोग घरी नको.

धूर अजिबात येत नाही. म्हणजे डिझेल आतच जात नाहीये. टाकीत डिझेल आहे ना, हे आधी बघा. हसू नका, काटा खोटं बोलतो. मग फिल्टरजवळचा हातपंप दाबून बघा. रात्री गाडी उभी राहिली आणि सकाळी हातपंप कडक होईपर्यंत मारल्यावरच उठली, तर पाइपात हवा शिरतेय. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, त्यामुळे पाइपाला बारीक चीर असली की डिझेल बाहेर गळत नाही, हवा मात्र आत जाते. खाली डाग पडत नाही आणि दोष सापडत नाही. मिस्त्री मध्ये थोडा पारदर्शक पाइप टाकून बुडबुडे दाखवू शकतो. दोष बहुतेक वेळा एखाद्या क्लिपचा, वायसरचा किंवा वाळलेल्या रबरी पाइपचा असतो.

डिझेल फिल्टर कधी बदलला? त्याच्या तळाशी पाणी सोडायचा नट असतो. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने ओल धरते, ते पाणी फिल्टरमध्ये जमतं. कॅनमधून डिझेल भरणाऱ्यांच्या गाडीत कचरा आणि पाणी जास्त सापडतं. आणखी एक गोष्ट. डिझेलमध्ये मेण असतं, ते फार थंडीत गोठू लागतं. म्हणून हिवाळी आणि उन्हाळी डिझेलची मापं वेगळी ठरवलेली आहेत. सपाटीला हा त्रास सहसा नाही. पण वर डोंगरात गाडी मुक्कामी असेल आणि टाकीत किंवा कॅनमध्ये उन्हाळ्यातलं जुनं डिझेल पडून असेल, तर कडाक्याच्या पहाटे फिल्टर मेणाने चोक होऊ शकतो. ऊन चढल्यावर तीच गाडी आपोआप उठते. वरच्या गावच्या गाड्यांनी थंडीत ताजं डिझेल भरावं आणि टाकी संध्याकाळीच भरून ठेवावी.

धुराचा रंग लक्षात ठेवा

- पांढरा, डिझेलच्या वासाचा: डिझेल न पेटता बाहेर येतंय. हिटर प्लग, नाहीतर कॉम्प्रेशन.
- पांढरा, गोडसर वास, गरम झाल्यावरही थांबत नाही, रेडिएटरचं पाणी कमी होतं: हेड गॅस्केटचा संशय. गाडी पुढे दामटू नका.
- काळा: डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर, टर्बोचा पाइप, नोझल.
- निळा: इंजिन ऑइल जळतंय. ऑइलची पातळी रोज लिहा.

घाटात दम का लागतो?

तळोद्याहून धडगावकडे चांदसैलीचा घाट, अक्कलकुव्याहून मोलगीकडे देवगोईचा घाट. सपाटीला ठीक चालणारी गाडी इथे उघडी पडते. "गाडी ओढत नाही" एवढंच मिस्त्रीला सांगितलं तर तो अंदाजाने हात घालणार. त्याला नेमकं सांगायला हवं. ड्रायव्हरला तीन गोष्टी विचारा.

एक, इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे जात नाही, असं होतं का? जळका वास येतो का? मग इंजिन चांगलं आहे, क्लच प्लेट सरकतेय. इथे पंपावर पैसे घातले तर ते पाण्यात जातील.

दोन, इंजिन गुदमरतं आणि काळा धूर सोडतं का? हवा कमी पडतेय. आधी एअर फिल्टर काढून बघा. पथारीवरची मिरचीची भुकटी, कच्च्या रस्त्याची धूळ, उसाच्या फडातली माती, आपल्या गाड्या हे सगळं श्वासात घेतात. कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरपेक्षा लवकर फिल्टर बदलावा लागतो. फिल्टर स्वच्छ असेल तर टर्बोचे जाड रबरी पाइप बघा. टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी. फुंकणीलाच भोक पडलं तर चूल कशी पेटणार? चढावर दाब दिला की "फुस्स" किंवा शिट्टीसारखा नवा आवाज, आणि पाइपाच्या जोडावर ऑइलचा ओला डाग, ही खूण. कधी कधी नुसती क्लिप घट्ट केली की गाडी पूर्वीसारखी होते.

तीन, धूर नाही, पण गाडी हिसके देते, जणू उपाशी आहे? डिझेल कमी पोचतंय. डिझेल फिल्टर, पाइपातली हवा, टाकीतला कचरा, या क्रमाने बघा.

याशिवाय ब्रेक धरून बसलाय का तेही बघा. सपाट जागी, गिअर काढून, दोघी-तिघींनी रिकामी गाडी ढकलली तर ती सरकली पाहिजे. फेरी करून आल्यावर एकाच चाकाजवळ जास्त झळ लागत असेल (हात लावू नका, जवळ धरा), तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाहीये. आणि पासिंगपेक्षा जास्त माल भरला असेल, तर ती तक्रार गाडीची नाही.

१ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या नव्या गाड्या बीएस-६ आहेत. त्यांच्यात संगणक असतो. काही बिघडलं की डॅशबोर्डवर इंजिनची पिवळी खूण लागते आणि संगणक स्वतःच ताकद कमी करतो. अशा वेळी आधी स्कॅनर लावायला सांगा आणि जो कोड येईल तो वहीत लिहून घ्या. यातल्या बऱ्याच डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारी जाळी असते. रोज दोन-चार किलोमीटरच्याच फेऱ्या मारल्या तर ती भरते. तिची खूण लागली की गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्याने लांब चालवावी लागते.

एक उदाहरण

सातपुड्याच्या भागातल्या एका गटाची गाडी सकाळी उठत नव्हती आणि घाटात दमत होती. पंप आणि नोझल दोन्ही काढायला सांगितलं होतं. गटाच्या ताईंनी आठवडाभर फक्त लिहून ठेवलं. सेल्फ जोरात फिरतो. सकाळी पांढरा धूर येतो. दुपारी एका सेल्फमध्ये उठते. घाटात काळा धूर येतो आणि फुस्स आवाज येतो.

आता तुम्हीच जुळवा. सेल्फ जोरात आहे, म्हणजे बॅटरी ठीक. पांढरा धूर आहे, म्हणजे पंप डिझेल देतोय. दुपारी लगेच उठते, म्हणजे गार असतानाच ऊब कमी पडते. घाटातला काळा धूर आणि फुस्स म्हणजे हवा गळतेय. दुसऱ्या मिस्त्रीकडे ही वही दाखवली. हिटर प्लग बदलले, टर्बोचा चिरलेला पाइप बदलला. पंपाला हात लावावा लागला नाही. तक्रारी दोन होत्या, कारणंही दोन होती, आणि ती वेगवेगळी होती.

प्रत्येक वेळी असं स्वस्तात सुटेल असं नाही. इंजिन खरंच झिजलेलं असेल तर कॉम्प्रेशन कमी होतं. मग सकाळी उठत नाही, दिवसभर ताकद नसते, ऑइल कमी होतं, निळा धूर येतो. सगळी लक्षणं एकत्र येतात. तेव्हा इंजिन काम टळत नाही. पण होकार देण्याआधी "प्रत्येक सिलेंडरचं कॉम्प्रेशन गेजने मोजून दाखवा" असं म्हणायचं. आकडे बघायचे, लिहायचे, मग गटाच्या बैठकीत ठराव करायचा.

हे अजिबात करू नका

- गाडीखाली शेकोटी किंवा गोवऱ्या पेटवून इंजिन शेकू नका. वर डिझेलचे पाइप, वायरी आणि ऑइल आहे. गाडीबरोबर माणूसही भाजतो.
- एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा किंवा चालू करायचा स्प्रे धरू नका. आत हिटर प्लग तापलेला असतो. भडका उडतो, पिस्टन फुटतो.
- गाडी चालू असताना नोझलचा पाइप ढिला करू देऊ नका. जुन्या इंजिनात मिस्त्री असं करायचे. आताच्या कॉमन रेल इंजिनात दाब हजार पटींच्या वर असतो. ती धार कातडी फाडून आत शिरते. असं झालं तर जखम छोटी दिसली तरी लगेच दवाखाना.
- सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. नाहीतर सेल्फ जळेल आणि बॅटरीही बसेल.
- रोज उतारावर लावून गाडी ढकलून चालू करायची सवय सोडा. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. घाटाच्या कडेला हा खेळ जिवावर बेततो, आणि बॅटरीचा दोष झाकलेला राहतो तो वेगळाच.

ऑइलही पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच टाका. "जाड ऑइल चांगलं" हा समज थंडीत महागात पडतो, कारण जाड ऑइलमध्ये सेल्फला जोर जास्त लागतो. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. एक-दोन मिनिटं तसंच चालू ठेवा, टर्बो जास्त दिवस टिकेल.

गाडीची वही

आपल्या पंचसूत्रीत लेखे अद्ययावत ठेवणं हे एक सूत्र आहेच. गाडीलाही तेच लावा. एक साधी दोनशे पानी वही करा, ती गाडीत न ठेवता गटाच्या सचिवाकडे ठेवा. रोज एक ओळ लिहा: तारीख, किलोमीटर, किती सेल्फमध्ये उठली, धूर कोणता, डिझेल किती, ऑइल किती. खालच्या पानावर फिल्टर, ऑइल, बॅटरी आणि प्लग कधी बदलले त्याच्या तारखा.

गॅरेजला जाताना दोघी जा, आणि हे चार प्रश्न विचारा:

१. दोष कशावरून ओळखला, ते मला दाखवाल का?
२. यापेक्षा स्वस्त अशी कोणती तपासणी राहिलीय का?
३. काढलेला जुना भाग परत द्याल ना?
४. पक्कं बिल आणि नव्या भागाची गॅरंटी किती?

चांगला मिस्त्री या प्रश्नांनी चिडत नाही. उलट त्याचं काम सोपं होतं, कारण अर्धं निदान वहीत लिहिलेलं असतं. जो चिडतो, त्याच्याकडे महागाचं काम द्यायचं की नाही, ते गटाने ठरवावं.

पहाटेची एक फेरी चुकली की बाजारातला भाव जातो. कधी त्याच गाडीतून बाळंतीण दवाखान्यात न्यायची असते. म्हणून ही वही पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत घ्या. ज्या गटांकडे गाडी आहे त्यांनी डिसेंबर-जानेवारीच्या नोंदी प्रभागसंघाच्या बैठकीला घेऊन या. सगळ्या गाड्यांच्या वह्या शेजारी ठेवून आपण मिळून वाचू.